येळवशीच्या दिवशी बघितलेली मॅटाडोर

मराठवाड्यात बघायला भरपूर आहे, अडतं ते मुक्कामाशी. खरोशाची लेणी बघून टेकडी उतरलं की अंधाराच्या आत लातूर गाठायचं. होट्टलच्या देवळांवरची शिल्पं बघण्यात जीव रमलेला असतो, तेवढ्यात नवरा घड्याळ दाखवतो. तालुक्याच्या गावी लॉज मिळतो, पण तिथली चादर बघून मी कितीदा तरी अंगावरच्या कपड्यांवर, शाल गुंडाळून झोपले आहे. आणि रस्ता! तासन्‌तास हमरस्त्यानं गेलं तरी बाईला निर्धास्त जाता येईल असं स्वच्छतागृह दिसत नाही. त्यापायी आम्ही बायका प्रवासात पाणी पिणंच सोडून देतो. याचा मला मनापासून राग आहे.

म्हणून स्वतःचं अंथरूण, स्वतःची शेगडी आणि स्वतःची मोरी बरोबर घेऊन फिरायचं ठरवलं. गाडी मात्र जुनी मॅटाडोरच हवी होती. बजाज टेम्पोनं आकुर्डीला बनवलेली. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स झाली. आमच्या लहानपणी वऱ्हाड याच गाडीनं जायचं, शाळेची सहलही याच गाडीतून. मर्सिडीजच्या बनावटीवरचं तिचं डिझेल इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधे, झाकणाखाली असतं. उन्हाळ्यात पाय भाजतात हे खरं, पण पाऊस कोसळत असताना आत बसूनच इंजिनाला हात घालता येतो. शिवाय बिघाड शोधायला कॉम्प्युटर लागत नाही. माझे सासरे, अप्पा, यांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं. त्यांच्या मते कानानं आणि नाकानं कळते तीच गाडी खरी.

पुण्यात एके ठिकाणी रंगवून, आत पिवळे दिवे लावून उभी केलेली मॅटाडोर बघितली. सांगितलेली किंमत सहा लाख. अप्पांनी पायाखालची रबरी चटई उचलली, तर सडलेल्या पत्र्यातून खालचा रस्ता दिसला. विकणारा म्हणाला, ‘व्हिंटेज आहे ना काका.’ अप्पा काही न बोलता खाली उतरले.

औसा तालुक्यातल्या एका गावातली गाडी ओळखीतून कळली. फोन केला तर मालक म्हणाले, ‘उद्या येळवस हाय. उद्या काय यवहार करणार नाही. पर गाडी शेतातच असती, जेवायला या.’

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी सगळी माणसं शेतात असतात. आम्ही सकाळी लातुरातून निघालो तेव्हा गंजगोलाईत एरवी पाय ठेवायला जागा नसते, तिथं सगळी शटरं खाली होती. गावाबाहेरचे रस्ते मात्र भरून वाहत होते. ट्रॅक्टर, दुचाक्या, बैलगाड्या, डोक्यावर टोपली आणि घोंगडं घेतलेली माणसं. वाटेत अनोळखी बांधांवरून तीन ठिकाणी तरी हाका आल्या, ‘या की जेवायला!’ थांबलो नाही याची रुखरुख अजून आहे.

शेतात ज्वारी पोटऱ्यात आली होती, शेजारी हरभऱ्याचं रान. मधे कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, पुढं आंबिलीचं मडकं. मालकांची गाडी अजून यायची होती. ती समोरच्या चढाच्या गाडीवाटेनं येताना दिसली आणि अप्पा ताडकन उठून बांधावर गेले. आत सगळं खटलं, टपावर भज्जीची पातेली, उंड्यांची दुरडी, पाण्याचे कॅन. एवढा भार घेऊन ती दुसऱ्या गिअरवर चढ चढत होती आणि अप्पा मागचा धूर बघत होते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, काळा म्हणजे पंप किंवा इंजेक्टरचं काम आहे, गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर हेडपर्यंत खर्च. ‘जरासा काळा आहे,’ ते म्हणाले. ‘इंजेक्टर साफ केले की जाईल.’ रिकाम्या गाडीची दुकानासमोरच्या गल्लीत एक फेरी मारून कधीच काही कळत नाही, हे मला त्या बांधावर पटलं. जुनी गाडी घ्यायची तर तिच्या कामावर असताना बघा, भरलेली, चढावर.

अप्पांनी मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. बॅक मारत नव्हतं, म्हणजे तिथून धूर उसळत नव्हता. चाकांमागं वाकून ते चेसिसवर गंज शोधू लागले, पाटे बघू लागले, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. तेवढ्यात मालकांच्या आई खोपीतून ओरडल्या, ‘खाली वाकून काय बघूलालाव पाव्हणं? गाडी काय पळून जाऊलालीय का? आदी जेवा!’

जेवलो. बाजरीचे उंडे, तुरीचे ओले दाणे आणि हरभरा घालून केलेली भज्जी, गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी आणि मडक्यातली थंड, आंबट आंबील. मला एकामागून एक वाढणाऱ्या बायकांपैकी कुणीही मी कोण, कुठली, कोणाची, असं विचारलं नाही. एवढा मोकळा पाहुणचार मी कुठल्याही हॉटेलात पैसे मोजून अनुभवलेला नाही.

आणि जेवता जेवता गाडी कळत गेली. कुणी विचारलं नव्हतं, तरी जो तो सांगत होता. धाकटी सून म्हणाली, मधलं दार थोडं उचलून लावायचं, नाहीतर खड्ड्यात उघडतं. थोरला मुलगा म्हणाला, थंडीत हीटर देऊन वीस आकडे मोजायचे आणि मगच स्टार्टर, घाई केली की बॅटरी उतरते. लेक माहेरी आली होती, तिनं सांगितलं की पहिल्या बाळंतपणाला रात्री हिच्यातूनच लातूरला नेलं होतं, आणि चिखलात अडकली तेव्हा अख्खी गल्ली ढकलायला आली होती. पंधरा-वीस माणसांचं एकत्र घर होतं तेव्हा मालकांच्या वडिलांनी ती घरच्यासाठी घेतली. त्यामुळं पासिंग खासगी, पाटी पांढरी. आता घरं वेगळी झाली, पोरांच्या आपापल्या गाड्या आल्या.

‘मग विकता कशाला?’ मी विचारलं. मालक म्हणाले, ‘उभी राहून सडती, ताई. चालवणाऱ्याच्या हातात जाऊ द्या.’

पाच वाजता मालकांनी कडब्याचा हेंडगा, म्हणजे मशाल, पेटवला आणि पोरं त्याच्यामागं शेताभोवती पळाली. आजींनी उरलेली आंबील पिकावर शिंपडली आणि येता येता ओंजळभर गाडीच्या चाकांवरही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजींची अट एकच होती: पुढच्या येळवशीला गाडी या शेतात आली पाहिजे, ‘आन्‌ तुमी बी.’ मी लगेच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लातुरात एक लाख साठ हजारांना व्यवहार झाला. कागदांचं सांगायचं तर, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, विमा, पीयूसी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आरसीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढं तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि त्याबरोबर ग्रीन टॅक्स. या गाडीचं सगळं भरलेलं होतं. काही विक्रेते ‘ते नंतर बघू’ म्हणतात. तिथून उठावं, कारण थकलेला कर गाडीबरोबर येतो.

आत मी पलंग वेल्ड करू दिला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीत बदल करायला परवानगी लागते. शिवाय मला ती गरजेला माणसांनी भरता यायला हवी. म्हणून प्लायवूडच्या सुट्या पेट्या केल्या. जोडल्या की पलंग, आत भांडी आणि अंथरूण. मागं पडदा लावून बादलीचा संडास. हा पडदा मला इतर कशाहूनही जास्त सुख देतो, कारण आता मी प्रवासात पोटभर पाणी पिते.

पहिली फेरी नळदुर्ग, तुळजापूर, तेर. तुळजापुरात गर्दीनं जीव नकोसा झाला, दर्शन घेतलं आणि निघालो. नळदुर्गात बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणी महाल बघायला भरपूर वेळ मिळाला. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला हा बंधारा. नर-मादी धबधबे हिवाळ्यात कोरडे असतात, पण महालातल्या खिडकीतून पाणी बघत बसायला धबधबा लागत नाही. मुक्काम तेरला, गोरोबाकाकांच्या समाधीजवळच्या मोकळ्या जागेत, पुजाऱ्यांना विचारून. पहाटे हीटर देऊन वीस आकडे मोजले, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्रिविक्रमाचं ते विटांचं जुनं देऊळ उघडायच्या आधीच आम्ही दारात हजर होतो.

इंजेक्टर आता साफ करून झालेत. महाशिवरात्रीच्या आधी होट्टल करायचं आहे, आणि या वेळी घड्याळ घरी ठेवायचं असं नवऱ्याला सांगून ठेवलंय.