एक गोल, सात कॉर्नर

आप्पांकडे केबल आणि माझ्याकडे मोबाइलवरचं अॅप. त्यामुळे मैदानात जे घडायचं ते त्यांना आधी दिसायचं आणि मला अर्ध्या-पाऊण मिनिटाने. २ ऑगस्ट २०२१, सोमवार, सकाळचे साडेआठ. आप्पा खडकीत, मी चिंचवडला. करोनाचे दिवस, त्यांचा लशीचा दुसरा डोस व्हायचा होता, म्हणून मी तिकडे जाणं टाळत होते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताच्या मुली हॉकीच्या उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाशी खेळणार होत्या आणि एवढा सामना एकेकट्याने बघणं दोघांनाही नको होतं. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

घोळ लगेच लक्षात आला. आप्पा "अरे अरे अरे" म्हणाले तेव्हा माझ्या पडद्यावर चेंडू अजून मधल्या रेषेजवळ होता. जरा वेळाने ऑस्ट्रेलियाचा फटका गोलच्या खांबावर आपटून परत आला.

"आप्पा, आवाज नका करू. मला उशिरा दिसतंय."

"बरं," म्हणाले आणि गप्प झाले. पण श्वास कसा गप्प करणार? तो मला ऐकू येत होता.

जिंकायची आशा आम्हाला नव्हती, हे खरं तेच सांगते. ऑस्ट्रेलिया आपल्या गटातले पाचही सामने जिंकून आली होती. तेरा गोल केले होते आणि खाल्ला होता फक्त एक. १९८८, १९९६ आणि २०००, तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं त्यांच्या नावावर. आणि आपण? नेदरलँड्सकडून ५-१, जर्मनीकडून २-०, ब्रिटनकडून ४-१. पहिल्या तीन सामन्यांत अकरा गोल खाल्लेला संघ. पाच वर्षांपूर्वी रिओत ह्याच ऑस्ट्रेलियाने आपल्याला ६-१ ने हरवलं होतं आणि आपण बारा संघांत बारावे आलो होतो. तो सामनाही मी आप्पांबरोबरच पाहिला होता. संपल्यावर ते काही न बोलता गॅलरीत जाऊन उभे राहिले होते.

म्हणून त्या सकाळी त्यांचं मागणं एवढंच होतं. "चार खाल्ले तरी चालतील. सहा नकोत."

खरं तर मुली तिथवर पोचल्या हेच विलक्षण होतं. आयर्लंडविरुद्ध शेवटची तीन मिनिटं उरली असताना नवनीत कौरने गोल केला आणि १-० ने जीव राहिला. दुसऱ्या दिवशी दक्षिण आफ्रिकेला ४-३ ने हरवलं, त्यात वंदना कटारियाचे तीन गोल. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. दोनच महिन्यांपूर्वी तिचे वडील वारले होते आणि बंगळुरूचा सराव शिबिराचा बबल सोडून ती त्यांच्या अंत्यदर्शनालाही जाऊ शकली नव्हती. एवढं करूनही नशीब आपल्या हातात नव्हतंच. संध्याकाळी ब्रिटनने आयर्लंडला हरवलं तेव्हा कुठे गटातली आपली चौथी, पुढे जाण्यापुरती जागा पक्की झाली.

आमच्या घरात महिला हॉकी हा विषय जुना आहे. १९८० ला मॉस्कोत महिलांची हॉकी पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली, तेव्हा सहा संघांत भारत चौथा होता आणि त्या संघात पुण्याच्या एलिझा नेल्सन होत्या. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळालं ते त्यांच्याच कप्तानीत. मॉस्कोनंतर पुन्हा ऑलिम्पिकचं मैदान दिसायला रिओपर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षं थांबावं लागलं. आप्पा ह्या तारखा अजून घडाघडा सांगतात. खडकीच्या ज्या भागात धनराज पिल्ले मोडक्या स्टिकने खेळून मोठे झाले, त्याच भागात आमचं क्वार्टर. धनराजच्या गोष्टी सगळेच सांगायचे. आप्पा मला एलिझाबाईंच्या सांगायचे, कारण त्यांना मुलगी होती.

मी गोली होते. शाळेत, मग कॉलेजात, मग तीन वर्षं विद्यापीठाकडून. पहिले पॅड एका मोठ्या खेळाडूने टाकून दिलेले होते. कॅनव्हासचे, आत वेताच्या पट्ट्या आणि कापूस. पावसात भिजले की दुप्पट जड व्हायचे आणि दोन-दोन दिवस वाळायचे नाहीत. वेताची टोकं कॅनव्हास फाडून बाहेर यायची. आप्पा फॅक्टरीतून सुटले की दाराशी बसून दाभणाने ती शिवायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने, दातात दोरा धरून. त्यांचा एकेक टाका मला अजून आठवतो, कारण पेनल्टी कॉर्नरच्या वेळी मान खाली घातली की समोर तेच दिसायचे.

मैदान मुरमाचं. आडवं पडून चेंडू अडवायचा म्हणजे मांडीपासून कोपरापर्यंत सालपट. बसमध्ये किटची बॅग घेऊन चढले की कंडक्टर म्हणायचा, "हे बोचकं घेऊन पुढे जायचं नाही, दारात उभी राहा." मग मी दारात उभी राहून, एका पायाने बॅग आत दाबून धरत सरावाला जायचे. भारताची गोली सविता पुनिया, तिचं गाव सिरसा जिल्ह्यातलं जोधकां. तीही किट घेऊन बसने सरावाला जायची, हे वाचलं तेव्हापासून ती मला माझीच कुणीतरी वाटते.

त्या सोमवारी आमच्या गोलमध्ये सविता होती. रिओत सहा गोल खाल्ले तेव्हाही तीच होती.

बाविसाव्या मिनिटाला आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला. फोनमधून आधी काहीच आलं नाही. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, आणि मग आप्पांनी नाक ओढलं. मला कळलं, काहीतरी झालंय. चांगलं की वाईट ते कळेना. माझ्या पडद्यावर गुरजीत कौर अजून डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या वर कंबरेत वाकून उभी होती. अमृतसरजवळच्या मियादी कलां ह्या खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, कैरोंच्या वसतिगृहाच्या शाळेत राहून हॉकी शिकलेली. चेंडू आला, थांबला, तिने स्टिक खालून ओढत नेली आणि चेंडू जमिनीलगत सुटला. ऑस्ट्रेलियाच्या मुलींच्या स्टिक आणि पाय ह्यांतून वाट काढत तो गोलच्या आतल्या फळीवर लागला. खट्ट.

टोकियोत प्रेक्षक नव्हते. रिकाम्या स्टेडियममध्ये फळीचा तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला. फळीवर चेंडू आदळल्याचा आवाज गोलीच्या अंगावर काटा आणतो, कारण तो नेहमी पाठीमागून येतो. त्या दिवशी मात्र तो आवाज मला गोड लागला. तरीही दुसऱ्याच क्षणी नजर त्यांच्या गोलीकडे गेली. रेचल लिंच. ती नर्स आहे, करोनाच्या काळातही तिने पर्थच्या रुग्णालयात ड्यूटी केली होती. अख्ख्या स्पर्धेत तोवर त्यांच्यावर एकच गोल झाला होता आणि हा दुसरा. तिने चेंडू जाळीतून काढून दिला आणि लगेच ओरडून आपल्या मुलींना जागेवर लावू लागली. ह्या खेळात मला सगळ्यात जवळचं काही असेल तर ते हेच.

त्या सामन्यात आपल्याला मिळालेला तो एकुलता एक पेनल्टी कॉर्नर. ऑस्ट्रेलियाला सात मिळाले.

वर्तमानपत्रांत, व्हॉट्सअॅपवर सगळीकडे गुरजीतचा गोल फिरला आणि तो फिरायलाच हवा होता. पण स्कोअर १-० असतो तेव्हा तो एक जितका आपला असतो, तितकंच ते शून्यही आपलंच असतं. आणि ते शून्य अडतीस मिनिटं राखावं लागलं. कसं, हे मला सांगायचंय, कारण त्या सात कॉर्नरविषयी फारसं कुणी बोललंच नाही.

पेनल्टी कॉर्नरला बचावाला पाचच जणी. गोली आणि चौघी, सगळ्या गोलरेषेच्या मागे. बाकीचा संघ मैदानाच्या मधल्या रेषेपलीकडे, मदतीला येऊन येऊन किती वेळात येणार? समोर डीच्या कडेला त्यांच्या सात-आठ जणी उभ्या. एक जण खांबापासून दहा मीटरवरून चेंडू ढकलते. तो हलेपर्यंत तुम्ही हलायचं नाही. हलला की पहिली रशर सरळ फ्लिक मारणारीच्या, म्हणजे स्टिकने चेंडू ओढून गोलवर सोडणारीच्या अंगावर धावते. गुडघ्याला गार्ड, तोंडाला जाळीचा मास्क, आणि ती जाते त्या बाजूने येणारा चेंडू तिने अंगावर घ्यायचा असं ठरलेलं असतं. उरलेली बाजू गोलीची. बारा फूट रुंद, सात फूट उंच गोल, आणि समोरच्या पायांच्या गर्दीत चेंडू दिसत नाही. सुटतो तेव्हाच दिसतो, कधी तेव्हाही नाही. मी तर हातांकडे बघायचे. फ्लिक मारणारीचं डावं मनगट किती वळलं त्यावरून पाय टाकायचा. चूक झाली तर चुकीच्या पायावर सगळं वजन गेलेलं असतं आणि मग मागून तो आवाज येतो.

सविता फार उड्या मारत नाही. ज्यांनी कधी गोल राखला नाही त्यांना ते कदाचित जाणवणार नाही. ती उभी राहते. शेवटच्या क्षणापर्यंत दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून उभी राहते आणि मग एकच पाऊल टाकते. चेंडू किकरवर, म्हणजे पायातल्या जाड बुटावर घेतला तर नुसता अडवत नाही, कडेला ढकलून देते, जिथे दुसरा फटका मारायला कुणी उभं नसतं. पुढे दीप ग्रेस एक्का, ओडिशाच्या सुंदरगडची. निक्की प्रधान, झारखंडची. सुशीला चानू, मणिपूरची, मुंबईत मध्य रेल्वेत नोकरी करणारी आणि रिओत ह्या संघाची कप्तान असलेली. रिओच्या त्या सहा गोलांचं ओझं तिच्याहून जास्त कुणी वाहिलं असेल? ह्या मुली त्या दिवशी चेंडूसमोर अंग टाकत होत्या. एप्रिलमध्ये कप्तान राणी रामपालसह सात जणींना करोना झाला होता. तरीही चौथ्या सत्रात त्या ऑस्ट्रेलियाच्या मुलींइतक्याच पळत होत्या. ह्यात त्यांचे फिटनेसचे प्रशिक्षक वेन लोम्बार्ड ह्यांचं नाव घ्यायलाच हवं.

मध्यंतरानंतर आप्पा आणि मी बोलणंच सोडून दिलं. प्रत्येक कॉर्नरला फोनमधून श्वास थांबल्याचं कळायचं आणि मग सुटल्याचं. सुटला की मला समजायचं, वाचलो. तरीसुद्धा माझ्या पडद्यावर तो कॉर्नर आला की पाय आपोआप टेबलाखाली रुंद व्हायचे आणि उजवा तळवा समोर यायचा. उत्तर माहीत असूनही. इतक्या वर्षांनी अंगाला ते सगळं आठवतंय हे मला तेव्हाच समजलं.

शेवटची आठ मिनिटं मी उभ्याने पाहिली. ऑस्ट्रेलिया डीतून बाहेर जायलाच तयार नव्हती. एक चेंडू अडवावा, तोच परत यावा. सविता ओरडून सांगत होती कुणी कुठे जायचं ते. रिकाम्या स्टेडियममुळे तिचा घसा बसल्याचंही ऐकू येत होतं. माझ्या ऑफिसचा पहिला फोन आला. मी कट केला.

मग आप्पांकडे हूटर वाजला. लांब, घोगरा. पाठोपाठ हिंदी समालोचकांचा आरडाओरडा आणि त्यांचे भरून आलेले आवाज. आप्पांनी झटकन टीव्हीचा आवाज बंद केला असावा, कारण एकदम सगळं शांत झालं.

"तुझ्याकडे झालं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. अजून चाललंय."

"बरं. मी थांबतो."

आणि ते थांबले. शहात्तर वर्षांचा माणूस, ज्याने मॉस्कोपासून ह्या क्षणाची वाट पाहिली होती, तो फोनच्या पलीकडे आनंद तोंडात धरून बसला, जसा कधीकाळी दोरा धरायचा. माझ्या पडद्यावर ऑस्ट्रेलिया शेवटचा चेंडू डीकडे घेऊन येत होती. मला निकाल माहीत होता आणि तळव्याला घाम सुटला होता. चेंडू आपल्या एका मुलीच्या स्टिकला लागून बाजूला गेला. घड्याळ शून्यावर आलं. हूटर वाजला. सगळ्या जणी धावत जाऊन सवितावर कोसळल्या, आणि कॅमेरा प्रशिक्षक शोर्ड मरीन ह्यांच्यावर गेला तेव्हा ते रडत होते.

"झालं, आप्पा," मी म्हटलं.

तेव्हा कुठे ते ओरडले.