नाव घातलेली भांडी

परवा घड्याळाला किल्ली द्यायला विसरले आणि दुपारपर्यंत माझ्या मनगटावर सकाळचे सव्वासातच वाजत राहिले. बँकेच्या रांगेत पुढच्या काकांनी वेळ विचारली. मी झोकात मनगट वळवलं, मग निमूटपणे पर्समधून मोबाइल काढला आणि बारा चाळीस झाल्याचं सांगितलं. काकांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्या खणाच्या ब्लाउजकडे, एकदा शाईच्या पेनाकडे, आणि अगदी आस्थेनं विचारलं, "नाटकात कामं करता का?"

घरी येऊन सांगितलं तर आईला हसू आवरेना. तिच्या मते काकांचं काही चुकलं नव्हतं.

तर हे घड्याळ. एचएमटीचं 'जनता'. कंपनीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं १९६१ साली बंगळूरला घड्याळं करायला घेतली आणि मग कितीतरी वर्षं बारावी पास झालेला मुलगा, नवा जावई आणि निवृत्त होणारे साहेब या तिघांच्याही मनगटावर तीच दिसायची. २०१६ साली तो कारभार बंद झाला आणि ज्यांनी आयुष्यात कधी घड्याळाला किल्ली दिली नव्हती अशा माझ्यासारख्या लोकांना अचानक त्याचा उमाळा आला. मी माझं घेतलं पुण्याच्या जुन्या बाजारात. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रस्त्याकडेला ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, कुलपं, चष्म्याच्या काड्या, एका पायाचा बूट, आणि त्यातच कुठेतरी आपल्यासाठी ठेवलेली वस्तू. विकणारा म्हणाला, "ओरिजनल आहे ताई." दुरुस्तीवाल्यानं डोळ्याला भिंग लावलं, उघडून पाहिलं आणि म्हणाला, "मशीन जनताचं आहे. डायल नंतर रंगवलीय. काटे भलत्याच घड्याळाचे." एवढं सांगून त्यानं झाकण उलटं करून माझ्यापुढे धरलं. आतल्या यंत्राशी त्याला काम होतं, पण झाकणावरचं मला दाखवायचं होतं. बारीक, थोड्या तिरक्या अक्षरांत कोरलेलं: 'चि. व. ग. यास सप्रेम, १२-५-७४.'

मे महिना म्हणजे लग्न किंवा मुंज. मुंजीत एवढं महाग घड्याळ कोण देणार, तेव्हा लग्नच. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी कुणा व. ग.च्या लग्नाला किल्ली देते. दोन बोटांत ती दातेरी गुंडी धरायची, पुढं-मागं फिरवायची, कर्र कर्र आवाज येतो, आणि वीस-बावीस फिरक्यांनंतर बोटांनाच कळतं की आता बास. त्या 'बास'साठीच मी हे घड्याळ वापरते, वेळेसाठी नाही. वेळ ते दिवसाला चार मिनिटं मागं टाकतं.

कपड्यांचं वेड तसं नंतरचं. म्हणजे आजीच्या ट्रंकेत तळाशी एक इरकली सापडली, काळपट जांभळी, लाल-पांढऱ्या पदराची, घडीवर विरलेली. तिचा कुर्ता शिवला. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. आता तर काय, खण सगळीकडेच आहे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मागावरचं हे एवढंसं चोळीचं कापड, पण खणाचे कुर्ते, खणाच्या पर्सा, खणाची झबली, दिवाळीला खणाचे आकाशकंदीलसुद्धा. मला त्याचं काही नाही, फक्त कंदील पाहिला की कुणीतरी चोळी वाळत घातलीय असं वाटतं.

आईचं म्हणणं वेगळंच. ती म्हणते, "तुमचं हे जुनं वापरणं मला कळतच नाही. आम्ही कुठं जुनं वापरत होतो? होतं ते वापरत होतो." आणि पाठोपाठ, "इतकी हौस आहे तर पाट्यावर वाटण वाट की." इथं मी गप्प बसते. पाटा-वरवंटा माझ्याकडे आहे. गॅलरीत. त्यावर कोरफडीची कुंडी आहे.

साताऱ्याच्या घरी दुपारी जेवणं झाली, भांडी झाली, बायका जरा आडव्या झाल्या की हमखास बोहारणीची हाक यायची. 'भांडीऽऽयेऽऽ.' डोक्यावर पाटी, पाटीत एकात एक बसवलेली स्टीलची पातेली, खांद्याला कपड्यांचं बोचकं. ती पायरीवर टेकली की आडव्या झालेल्या बायका उठून बसत. घासाघीस तासभर चालायची. बाबांची टेरिकॉटची पँट, दोन सुती पातळं, काकाचा शर्ट, एवढ्यावर आजी मोठ्या पातेल्याला हात घालायची आणि बोहारीण ते पातेलं अलगद मागं ओढायची. "आजी, जरीचं काढा की एक." आजी म्हणायची, "जरीचं मागायला लाज वाटते का गं." मग आत जायची आणि जरीचं आणायची. पँट उन्हाकडे धरून बोहारीण तिचा ढुंगणाकडचा भाग तपासायची, तिथून प्रकाश आला की भाव पडला. मी पायरीच्या खांबाला मिठी मारून हे सगळं बघायची. त्या दुपारी घरातून गेलेल्या साड्या आज असत्या तर माझं कपाट कसलं देखणं झालं असतं! आजी मात्र ते नवं पातेलं दोन दिवस ओट्यावर, दारातून दिसेल असं पालथं घालून ठेवायची.

तिला स्टील का आवडायचं हे मला फार उशिरा कळलं. पितळ म्हणजे कल्हई. कल्हईवाला आला की अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करायचा, कोळसे टाकायचा, भाता मारायचा. भांडं तापून लाल झालं की आत नवसागराची चिमूट, भस्सकन पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापडाच्या बोळ्यानं सर्रकन फिरवायचं. पिवळं भांडं डोळ्यांदेखत आतून चंद्रासारखं व्हायचं. पाण्यात बुडवलं की चर्रर्र. आम्हा पोरांना ती जत्राच. पण कल्हई उडाली आणि लक्षात आलं नाही तर ताक कळकायचं, आमटी कळकायची, पाहुण्यांसमोर शोभा व्हायची. शिवाय रोजची चिंच आणि राख, आणि हाताच्या रेषांत बसलेलं काळं. माझ्याकडे आता सहा पितळी डबे आहेत. मी ते दिवाळीत आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी पितांबरीनं घासते. स्वयंपाक स्टीलमध्येच करते.

त्या सहा डब्यांवर सहा वेगवेगळी नावं आहेत, सगळी परक्यांची. जुन्या बाजारातून भांडं घ्यायचं म्हणजे कुणाचं तरी नाव घ्यायचं. पूर्वी भांड्यांच्या दुकानात एक माणूस छोटी छिन्नी-हातोडी घेऊन बसायचा आणि टक टक टक करत ठिपक्यांची अक्षरं पाडायचा. 'यांजकडून', 'यांस', 'मुंजीप्रीत्यर्थ', खाली तारीख. एका डब्यावर तर जागा संपल्यामुळे आडनाव बुडाशी वळलेलं आहे. मी त्यात पोहे ठेवते. त्या घरातलं कुणी आलं तर काय म्हणायचं याचं उत्तर मी अजून ठरवलेलं नाही.

नावांचं हे प्रकरण मला शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात फार जाणवतं. अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती, गावोगाव हिंडून गोळा केलेल्या. दिनकर गंगाधर केळकर कविता लिहायचे त्या 'अज्ञातवासी' या नावानं, आणि संग्रहालयाला त्यांनी नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. लोक मस्तानी महाल बघायला जातात. मी वज्र्यांपाशी रेंगाळते. हत्ती, पोपट, मोर, आणि खाली टाच घासायची खरखरीत बाजू. एवढी हौस, तीही टाच घासायला! असो, मी कुठून कुठं आले.

सांगायचं होतं ते घंगाळाबद्दल. साताऱ्याच्या न्हाणीघरात बंबाशेजारी आमचं तांब्याचं घंगाळ असायचं, दोन कड्यांचं, मी त्यात बसूनसुद्धा अंघोळ केलेली. त्याच्या काठावर ठिपक्यांची अक्षरं होती. अंकलिपी शिकत होते तेव्हा अंगावर तांब्यानं पाणी घेत मी ती मोठ्यांदा वाचली. य, मु, ना. "आजी, यमुना कोण?"

आजीला घरात सगळे सरस्वती म्हणायचे. म्हणजे पत्रावर, रेशनकार्डावर, गोठ्यातल्या गड्याच्या हाकेतही सरस्वतीबाईच. आजीनं माझ्या पाठीला चोळता चोळता सांगितलं, "होती एक. डोळे मीट, साबण जाईल."

लग्नात तिच्या वडिलांनी ते घंगाळ दिलं होतं, नाव घालून. नाव घातलं त्यांनी त्यांच्या मुलीचं. पुढं चार दिवसांत तांदळात अंगठीनं दुसरं नाव लिहिलं गेलं आणि पहिलं न्हाणीघरात राहिलं. घरात गीझर आला त्या वर्षी आजीनंच मोडवाल्याला बोलावलं. घंगाळ, बंब, दोन हंडे, सगळं तराजूत चढलं. घंगाळ त्यानं पायानं दाबून जरा चेपलं, म्हणजे गाडीवर मावेल. आजीनं पैसे मोजून घेतले आणि त्यात मिक्सरसाठी थोडे घालून आईला दिले. रडणं वगैरे काही नाही. उलट चहा केला, मोडवाल्यालाही दिला.

गेल्या रविवारी आम्ही थाळी खायला गेलो होतो. गर्दी होती, दारातल्या पोऱ्यानं वहीत नाव लिहून घेतलं आणि बाहेर थांबायला सांगितलं. तिथं शोभेला घंगाळ ठेवलेलं, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या, मधोमध तरंगता दिवा. हल्ली सगळीकडे असतं. मी आपली सवयीनं वाकले आणि काठ बघायला लागले. अशी मी कुठंही वाकते, लग्नाच्या कार्यालयात, दागिन्यांच्या दुकानात. मुलगी तेवढ्यापुरती चार पावलं लांब जाऊन उभी राहते. काठ चकाकत होता, मशीननं घासलेला. एका जागी बोटाला काहीतरी खडबडीत लागल्यासारखं वाटलं, पण तो पोचाही असेल.

आतून आमचं आडनाव पुकारलं. चार माणसं. मुलगी आणि नवरा आत गेले. मला वाटलं आई आता नेहमीसारखं काहीतरी बोलणार. ती माझ्या मागं येऊन उभी होती, चष्मा कपाळावर सरकवून.

"तिथं नाही," ती म्हणाली. "उजव्या कडीच्या खाली असायचं. कडी वर कर."