तुम्ही विचारलंत म्हणून : भुताचा पत्ता कुठला?

"मुलगा दहा वर्षांचा आहे. वर्गातली निम्मी मुलं बघून आलीत. दाखवू का?"

सुट्ट्या लागल्या की भुताच्या सिनेमाबद्दल हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. सिनेमा कुठला आणि मूल कसं, हे माहीत नसताना ते सांगता येत नाही. उत्तर कसं काढायचं हे मात्र सांगता येतं. पाऊण तासाचं काम आहे आणि ते आईबाबांपैकी कुणालाही जमतं.

सिनेमा किती भीतिदायक आहे, हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. त्यातलं भूत राहतं कुठे, ते बघा. ओसाड वाड्यातलं, जंगलातलं, बुडालेल्या बोटीवरचं भूत बरीच मुलं थिएटरातच सोडून येतात. पलंगाखाली, आरशात, बाथरूममध्ये, मोबाइलमध्ये किंवा आईच्या अंगात राहणारं भूत मात्र मुलाबरोबर घरी येतं, कारण त्याचा पत्ता मुलाच्याच घरातला असतो. आपल्या जुन्या भुतांचे पत्ते ठरलेले होते. मुंज्या पिंपळावर, चकवा रानवाटेवर, तळकोकणात आणि गोव्यात देवचार गावाच्या वेशीवर. तिन्हीसांजेनंतर तिकडे फिरकायचं नाही, एवढं पाळलं की पोर सुरक्षित. सिनेमातलं भूत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये घुसलं की हा आधार जातो. रात्री अकरा वाजता बाथरूमला एकटं जायचं तर असतंच.

आता सेन्सॉरच्या सर्टिफिकेटबद्दल. ते बघायचंच, पण त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही हे माहीत हवं. 2023 साली सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला आणि पूर्वीच्या सरसकट 'यूए'चे तीन भाग झाले: यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+. हे आकडे पालकांना सावध करण्यासाठी आहेत. यूए 13+ सिनेमाला तुम्ही आठ वर्षांच्या मुलीला घेऊन गेलात तर दारावरचा माणूस अडवणार नाही. निर्णय कायद्यानेच तुमच्यावर सोपवलाय. 'ए' असेल तर अठराच्या आतल्या मुलाला आईबाप सोबत असले तरी प्रवेश नाही. ओटीटीवर 2021 च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्म स्वतःच वयोगट ठरवतो आणि 13+ पासून पुढच्या सगळ्याला पालकांना कुलूप लावता आलं पाहिजे. ते कुलूप बहुतेक घरांत उघडंच असतं. पिन टाका, आणि तो मुलाची जन्मतारीख नको.

सर्टिफिकेट देणारे प्रामुख्याने काय दिसतं आणि किती ठसठशीत दिसतं ते मोजतात. ही पद्धत कुठे अपुरी पडते, याचं इंग्लंडमधलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. 2012 साली तिथे 'द वूमन इन ब्लॅक' हा भुताचा सिनेमा आला. वितरकाला 12ए हवं होतं, म्हणजे बाराच्या आतलं मूल मोठ्या माणसाबरोबर बघू शकतं. त्यासाठी सुमारे सहा सेकंद कापली, काही दृश्यं आणखी काळोखी केली, काही ठिकाणी आवाज उतरवला. 12ए मिळालं. नायक होता हॅरी पॉटरचं काम करणारा डॅनियल रॅडक्लिफ, त्यामुळे पॉटरवेडी पोरं आईबाबांना घेऊन गेली. त्या वर्षी ब्रिटिश सेन्सॉर बोर्डाकडे सर्वांत जास्त तक्रारी याच सिनेमाच्या आल्या, 134.

त्याचं पहिलं दृश्य बघा. माळ्यावर तीन लहान मुली भातुकली खेळतायत. बाहुल्या, कपबशा, सगळं नीट मांडलेलं. एकाएकी तिघी मान वर करतात, उठतात, खेळणी तुडवत खिडक्यांकडे चालत जातात आणि खाली उडी घेतात. रक्ताचा थेंब दिसत नाही, किंकाळी आईची, तीही नंतर. मोजणाऱ्याच्या वहीत इथे फारसं काही पडत नाही. भातुकली खेळणाऱ्या मुलीला मात्र यात सगळं दिसतं: माझ्याएवढी मुलगी, माझाच खेळ, आणि आई वेळेवर आली नाही. पुढे नायक त्या काळ्या कपड्यांतल्या बाईच्या भुताचं म्हणणं समजून घेतो, तिच्या मुलाचं प्रेत शोधून तिच्याजवळ ठेवतो, म्हणजे जे करायला हवं ते सगळं करतो. तरी ती सोडत नाही. शेवटी नायक आणि त्याचा छोटा मुलगा दोघंही रेल्वेखाली जातात. योग्य ते केलं तरी सुटका नाही, हे त्या सिनेमाचं सांगणं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांशी यावर छान बोलता येईल. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती त्यातून काही लागत नाही.

म्हणून सिनेमा आधी तुम्ही बघा. पूर्ण बघायला वेळ नसेल तर पहिली पंधरा मिनिटं आणि शेवटची वीस मिनिटं बघा, आणि मधली एक भुताची जागा शोधून पाच-सात मिनिटं. आधी आयएमडीबीवर त्या सिनेमाचं पॅरेंट्स गाइड वाचा. 'डझ द डॉग डाय' या साइटवर कुत्रा मरतो का, इथपासून प्रेक्षकांनी उत्तरं भरलेली असतात. मुलाला ज्या एका गोष्टीची धास्ती आहे ती तिथे शोधता येते. परीक्षणांचा या कामाला उपयोग कमी. परीक्षक सिनेमा चांगला आहे का ते सांगतो.

बघताना कागद घ्या. भूत कुठे राहतं ते लिहा. कुणाला इजा होते ते लिहा, आणि त्यात मूल, आई किंवा पाळलेलं जनावर असेल तर खाली रेघ मारा. भुताला काही नियम आहेत का? उजेडात येत नाही, उंबरठा ओलांडत नाही, अमुक वस्तू परत दिली की जातं, असं काही असलं तर मुलाला पकडायला दोरी मिळते. नियमच नसलेलं भूत जास्त छळतं. मोठ्या माणसांना भूत दिसतं का, की मूल सांगत राहतं आणि कुणी विश्वास ठेवत नाही? हे दुसरं लहान मुलांना फार लागतं. आणि शेवट. भूत गेलं, सकाळ झाली, सगळे चहा पितायत, आणि शेवटच्या तीन सेकंदांत आरशात पुन्हा तो चेहरा, अशी पुढच्या भागाची सोय केलेली असेल तर मूल नेमकी तीच तीन सेकंदं घरी आणतं.

मधला भुताचा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा. नुसतं दार उघडतंय आणि खोली रिकामी आहे असं दिसलं, तर तिथली भीती आवाजात आहे. शांतता, मग एकदम धाडकन. असं दचकणं क्षणभराचं. शेजारच्यावर पडून मुलं लगेच हसतातही. घरी बघताना आवाज निम्मा केला तरी ते बरंच ओसरतं. पण आवाज बंद असूनही पोटात गोळा आला, तर ते चित्र डोक्यात राहणारं आहे आणि आवाज कमी करून उपयोग नाही. किती वेळा दचकवलंय हे मोजत बसू नका. अशी एकच प्रतिमा वीस दचकण्यांना भारी पडते.

वयाबद्दल एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. जोआन कँटर या अमेरिकेतल्या संशोधक बाईंनी मुलं आणि पडद्यावरची भीती यांवर अनेक वर्षं काम केलं. साधारण सात वर्षांपर्यंतची मुलं दिसण्याला घाबरतात. 'इन्क्रेडिबल हल्क'मधला हिरवा हल्क चांगला, लोकांना वाचवणारा. तरी माणसाचा हल्क होताना बघून छोटी मुलं घाबरत आणि मोठी मुलं तेवढी घाबरत नसत. आठ ते बाराची मुलं हे घडू शकेल का, माझ्या घरी घडेल का, असा विचार करतात. म्हणजे ओबडधोबड रबरी राक्षस पाच वर्षांच्या मुलाला नको, दहा वर्षांच्या मुलाला चालेल. आणि ज्यात काहीच दिसत नाही, नुसती आई हळूहळू वेगळं वागायला लागते, तो सिनेमा पाच वर्षांच्याच्या डोक्यावरून जाईल आणि दहा वर्षांच्याला रात्रभर जागं ठेवेल. 'आता मोठा झालाय, घाबरायचा नाही' हे भुताच्या सिनेमाला सरसकट लागू पडत नाही.

एका गोष्टीवर माझं मत ठाम आहे. अंगात येणं, मग मांत्रिक, मग बाईला दोरीने बांधणं, केस ओढणं, मिरचीची धुरी, आणि त्यातून ती बरी होणं, असं ज्या सिनेमात उपाय म्हणून दाखवलंय तो बाराच्या आतल्या मुलांना दाखवू नका, आणि त्यावरच्यांना दाखवलात तर गप्प राहू नका. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हेच प्रकार नावानिशी गुन्हे म्हणून लिहिलेत. शाळेत फिट येणारी एखादी मुलगी असते, शेजारी स्वतःशी बोलणारे काका असतात. भूत खोटं असतं हे मुलाला पुढे कधीतरी कळतं. पण आजारी माणसाला मारून बरं करता येतं, हे कुणी खोडल्याशिवाय मनातून जात नाही. चेहऱ्यावर भीती दिसत नाही म्हणून हा परिणाम आपल्या लक्षातही येत नाही.

दाखवायचं ठरलं तर दुपारी दाखवा. संध्याकाळी खेळ, जेवण, अभ्यास होऊन झोपेपर्यंत पाच-सहा तास मध्ये जायला हवेत. दिवा चालू, आवाज निम्मा, हेडफोन नको, कारण हेडफोनमध्ये कुजबुज थेट कानात येते. मोबाइलपेक्षा टीव्ही बरा: शेजारी माणूस असतो आणि पडद्याभोवती आपलीच भिंत दिसत राहते. रिमोट मुलाच्या हातात द्या. थांबवता येतं हे माहीत असलं की मूल जास्त बघू शकतं. थांबवलंच तर 'एवढ्यात घाबरलास?' असं कुणी म्हणायचं नाही, मोठ्या भावंडांना ही ताकीद आधीच द्या. मात्र अर्धवट सोडला असेल तर शेवट तोंडी सांगून टाका. बघायचं राहिलेलं भूत मूल स्वतः पूर्ण करतं, आणि ते पडद्यावरच्यापेक्षा वाईट निघतं. धाकटं भावंड पाण्याच्या निमित्ताने दारात येऊन उभं राहतं, त्याची सोय आधी करा. नेटफ्लिक्सवर कर्सर नेला की आपोआप सुरू होणारी झलक प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये बंद करता येते, तीही करा.

घाबरलंच मूल, तर सगळेजण म्हणतात ते 'अरे, भूतबित काही नसतं'. पाच वर्षांच्या मुलाला या वाक्याचा फारसा उपयोग नाही. त्याला जवळ घ्या, गोधडी द्या, दूध द्या, दिवा राहू द्या. समजावून सांगणं आठ-नऊनंतर कामाला येतं, आणि तेही सिनेमा कसा बनवला यावर बोलून: तो चेहरा रंगवून घ्यायला नटाला बसावं लागतं, आरशातला चेहरा दुसऱ्या वेळी शूट करतात, दार दोरीने ओढतात. आणि घरात अमावास्येला दृष्ट काढत असतील, दाराला लिंबू-मिरची असेल, तर 'काही नसतं' हे मुलाला पटणारच नाही, आणि त्याचं बरोबर आहे. त्याच्यासमोर आजीला खोटं पाडू नका. आजीनेच त्याच्या खोलीत जाऊन पलंगाखाली, कपाटात बॅटरी मारून दाखवली, तर ते त्याला पटतं.

त्या रात्री शांत झोपलं म्हणून निर्धास्त राहू नका. तीन-चार रात्री बघा: बाथरूमला जाताना कुणाला बोलावतं का, आरशाकडे पाठ करून दात घासतं का, पहाटेकडे स्वप्नाने उठतं का. आठवडाभरात ओसरलं तर ठीक. पंधरा दिवसांनंतरही झोप, जेवण किंवा शाळा बिघडलेली असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, आणि कोणता सिनेमा, कोणता प्रसंग, हेही सांगा.