बटण अ‍ॅकॉर्डियन घेताना आधी खर्ज बघा, लहर नंतर

भरदार आवाज हवा म्हणून लोक निघतात आणि घेऊन येतात लहरीने थरथरणारं वाद्य. पहिली पाच मिनिटं ते भरलेलं वाटतंही. संथ चाल वाजवायला घेतली की कळतं, आवाज पसरट आहे, खोल नाही.

उजव्या हाताच्या रीडचे, म्हणजे हवेने कंपणाऱ्या धातूच्या जिभांचे, संच तीन प्रकारचे असतात. एल खालचा, एम मधला, एच वरचा, आणि दर दोघांत एका सप्तकाचं अंतर. पेटीवाल्यांच्या भाषेत एल म्हणजे बास, एम म्हणजे मेल. दोन एम एकमेकांपासून किंचित सरकवून लावले की लहर येते, म्हणजे ट्रेमोलो. एल आणि एम लहरीशिवाय एकत्र वाजले की खोली येते. टँगोत वाजणाऱ्या बँडोनियनचा गडद आवाज सप्तकाच्या अंतरावर लावलेल्या रीडच्या जोड्यांतूनच निघतो, म्हणून अ‍ॅकॉर्डियनवरच्या एल+एम रजिस्टरलाही (रजिस्टर म्हणजे कोणते संच एकत्र वाजतील याची निवड) बँडोनियन असंच नाव आहे.

वाद्यात काय आहे ते रजिस्टरच्या स्विचवर लिहिलेलं असतं. गोलाचे तीन मजले आणि त्यात ठिपके: तळमजल्यावर ठिपका असेल तर एल, मधल्यावर जितके ठिपके तितके एम, वर असेल तर एच. कुठल्याच स्विचवर तळमजल्याला ठिपका नसेल तर ऊबदार आवाजासाठी ते वाद्य सोडून द्या. लहर पुढे कमी करून घेता येते, कारागीर दुसऱ्या एमची रीड खरवडून जवळ आणतो. एलचा संच मात्र मागाहून बसवता येत नाही. आतल्या लाकडी ठोकळ्यात त्याच्यासाठी खाचाच नसतात. माझ्या मते एल+एम+एम पुरे. चौथा संच एचचा असेल तर त्याने चमक वाढते, ऊब नाही.

लहर किती आहे हे कानानेच मोजा. दोन्ही एमचं रजिस्टर लावा, मधल्या सप्तकातला ए (४४० हर्ट्झ) धरा, भाता एकसारखा ओढा आणि पाच सेकंदांत आवाज किती वेळा फुगतो ते मोजा. वीसच्या आसपास आले तर दोन रीडमध्ये साधारण १५ सेंटचं अंतर आहे (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). बारा-तेरा आले तर १० सेंट. पंचवीसच्या वर गेले तर २० सेंटपेक्षा जास्त, म्हणजे पॅरिसच्या म्यूझेत नाचसंगीतासारखी ओली, जोरात थरथरणारी लहर. नाचाच्या चालींना ती छान शोभते, पण लांब धरलेल्या सुरात ती कानाला टोचते. ऊबदार आवाजासाठी ५ ते १० सेंटच्या पलीकडे जाऊ नये. मग हाच प्रयोग एक सप्तक वर करा. तिथे लहर बरोबर दुप्पट वेगाने येत असेल तर लावणाऱ्याने सगळीकडे तेच सेंट ठेवले आहेत. चांगला लावणारा वर जाताना अंतर कमी करत नेतो.

आता फक्त एल लावा आणि सगळ्यात खालच्या सुराचं बटण दाबून भाता जेमतेम हलवा. सूर लगेच उगवला पाहिजे. आधी नुसती हवा फुसफुसली आणि मग सूर आला तर रीडची जीभ ती बसवलेल्या धातूच्या पट्टीपासून जास्त उचललेली आहे, किंवा मागची चामड्याची झडप वळली आहे. उलट, जोरात सुरुवात केल्यावर सूर गुदमरत असेल तर जीभ फारच खाली बसली आहे. जास्त दाबाखाली खालच्या रीड थोड्या उतरतातच. म्हणून एल+एम आधी हळू आणि मग जोरात वाजवून बघा. जोरात वाजवताना दोघांत लहर उमटू लागली तर एलच्या रीड कमकुवत आहेत. हाताने बनवलेल्या आणि यंत्रावर काढलेल्या रीडमधला फरक इथेच कळतो, माहितीपत्रकात नाही.

कॅसोटो ही महागडी पण खरी गोष्ट आहे. एल आणि एक एम यांच्या रीड एका लाकडी खोलीत आडव्या बसवतात. आवाज वळण घेऊन बाहेर पडतो, त्यात वरचे कर्कश अंश गळतात आणि गोलाई उरते. तपासायचं असेल तर आतला एम आणि बाहेरचा एम वेगवेगळे वाजवा. डोळे मिटूनही फरक कळला पाहिजे. जाळीमागे कापड लावलेलं म्हणजे कॅसोटो नव्हे. वजन मात्र चांगलंच वाढतं. १२० बासचं, म्हणजे डाव्या हाताला १२० बटणं असलेलं, कॅसोटोवालं मोठं वाद्य बारा किलोपर्यंत जातं, तेव्हा पट्टे लावून वीस मिनिटं वाजवल्याशिवाय ठरवू नका.

दोन रांगांचं, भाता आत-बाहेर करताना वेगळे सूर देणारं डायटोनिक घेत असाल तर पट्टीही बघा. सी/एफपेक्षा जी/सी खालच्या पट्टीत असल्याने मुळातच जाड वाटतं. डाव्या हाताच्या कॉर्डमधला गंधार बंद करायची सोय असेल तर उत्तम. नुसते सा-प उरले की साथ मोकळी होते आणि वरची चाल झाकली जात नाही.

जुनं वाद्य असेल तर उजवी बाजू वर धरून, भात्याचे पट्टे सोडून, बटण न दाबता डावी बाजू लोंबू द्या, खाली हात ठेवून. धपकन उतरली तर गळती आहे, भात्याच्या कोपऱ्यात किंवा बटणांखालच्या झाकणांत. मग आतलं मेण बघायला मागा. पांढरट, भुगा होणारं मेण म्हणजे रीड सैल होऊन कधीही झंकारायला लागणार. तीन संच आणि ४६ सूर धरले तर फक्त उजव्या बाजूला १३८ रीड-पट्ट्या आणि दर पट्टीवर दोन अशा २७६ जिभा होतात. सगळं उतरवून नव्या मेणात बसवणं आणि पुन्हा सुरात लावणं यात कारागिराचे आठवडे जातात, तो खर्च किमतीत धरूनच बोलणी करा.