डांबरातून उगवलेले रंग : भायखळा ते माटुंगा

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बागेत, शहरातल्या चौकांतून हलवलेल्या पुतळ्यांच्या गर्दीत, व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले, हे पुष्कळांना ठाऊक असते. ते डाग प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनतज्ज्ञाने काढले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल ओतले तर दगडच झिजतो, त्यामुळे ते काम नुसत्या घासण्याचे नव्हते. (चापेकरांची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्याला गज्जरांचे यश किंचित खटकते, ते असो.)

गज्जर मुळात रंगांचे जाणकार. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोद्यात काढलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्या शतकात रसायनशास्त्राला वेग दिला तो रंगांनीच. १८५६ मध्ये लंडनमधला १८ वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन तयार करू पाहत होता; दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या ॲनिलीनवर प्रयोग करताना त्याच्या हाती जांभळा रंग लागला. ॲनिलीनचा पाया असलेल्या बेंझिनच्या रेणूची कड्यासारखी रचना जर्मन रसायनतज्ज्ञ केकुलेने मांडली ती १८६५ मध्ये, म्हणजे रंग आधी बाजारात आला आणि त्यामागचा सिद्धान्त नंतर. त्या रचनेच्या आधाराने ग्रेबे आणि लीबरमन यांनी १८६८ मध्ये मंजिष्ठवर्गीय मुळांतले अलिझरीन हे लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवले. १८९७ मध्ये जर्मन कारखान्यातली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातली नीळशेती पुढे खचत गेली. अठराव्या शतकात काटेकोर वजने करणाऱ्या फ्रेंच रसायनतज्ज्ञ लाव्हाझिएच्या तराजूने या शास्त्राला शिस्त लावली हे खरे, पण त्याचा संसार चालवला तो रंगाऱ्यांनी, असे माझे मत आहे.

भायखळ्याहून धीम्या लोकलने माटुंग्याला जाताना चिंचपोकळी, करी रोड ही गिरणगावाची स्थानके लागतात. इथल्या गिरण्यांना कापड रंगवण्याचे शास्त्र जाणणारी माणसे हवी होती, आणि १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, तेव्हा वस्त्ररसायन हा त्याच्या आरंभीच्या विषयांपैकी एक होता. आज तो विभाग ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ या नावाने नाथालाल पारेख मार्गावर उभा आहे; जुने विद्यार्थी त्याला अजून यूडीसीटीच (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) म्हणतात. १९३८ मध्ये रसायनतज्ज्ञ कृष्णस्वामी वेंकटरामन त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. वनस्पतींतल्या फ्लेव्होन वर्गातील रंगद्रव्ये बनवण्याच्या एका अभिक्रियेला बेकर यांच्या जोडीने त्यांचे नाव आहे, आणि कृत्रिम रंगांवरचे त्यांचे काम माटुंग्यातच बहरले. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. तिथेही ते पहिले भारतीय.