तुम्ही विचारलंत म्हणून : निधी मंजूर झाला, मग काम का बंद?

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात बरीच वर्षं काढली, त्यामुळे लग्नकार्यात भेटलेला माणूसही मला हेच विचारतो, की आमच्या रस्त्याला निधी मंजूर झाला, बोर्ड लागला, नारळ फुटला, मग नुसती खडी टाकून काम बंद का पडलंय?

तर मंजुरी मिळणं वेगळं आणि पैसे येणं वेगळं. समजा काम एक कोटीचं आहे, त्याला प्रशासकीय मान्यता मिळते पण त्या वर्षीच्या बजेटमध्ये तरतूद दहाच लाखांची, बाकीचं पुढच्या वर्षी नाहीतर पुरवणी मागण्यांमध्ये, म्हणजे बजेटनंतर मागायच्या जादा पैशांत, बघू. याला आम्ही टोकन तरतूद म्हणतो. टोकन पडलं की टेंडर निघतं, वर्क ऑर्डर होते, आणि अशी ढीगभर कामं एकदम धरली की सगळ्यांना थोडं थोडं मिळतं आणि धड एकही पुरं होत नाही. ठेकेदार बिलाची वाट बघतो आणि शेवटी मशीन उचलून दुसऱ्या साइटवर नेतो. त्याला शिव्या घालू नका हो, लहान ठेकेदाराने पैसे व्याजाने उचललेले असतात.

त्यात मार्च एंड. वर्षभर कोरडं आणि शेवटच्या आठवड्यात निधी येतो, मग ३१ तारखेच्या आत बिलं काढायची धावपळ, त्यात क्वालिटी कोण बघणार?

मला सगळ्यात जास्त राग येतो तो दुरुस्तीचा. नवा रस्ता ५०५४ या लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटमधल्या खर्चाच्या खात्यातून होतो आणि देखभाल ३०५४ मधून, आणि खड्डे बुजवण्याचं उद्घाटन कोणी करत नाही त्यामुळे तिथे कायम हात आखडता. वेळेवर डांबराचा एक थर दिला असता तर जो रस्ता टिकला असता तो पुन्हा मुळापासून करावा लागतो.

शहरांचंही तेच. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, २०१७ ला जीएसटी आला आणि महानगरपालिका गेलेल्या कराच्या बदल्यात दर महिन्याला राज्याकडून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसल्या. १९९३ पासून घटनेत दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायची तरतूद आहे, ती यासाठीच होती ना, की गावाला आणि शहराला हक्काचा वाटा मिळावा, कोणाच्या मागे फिरावं लागू नये?

माझं स्पष्ट म्हणणं आहे की जुन्या कामांची बिलं भागल्याशिवाय नवी मंजुरी देऊच नये. तोवर तुम्ही एक करा, बोर्डवरची रक्कम बघून खूश होऊ नका, या वर्षी त्यातली तरतूद किती झाली ते ऑफिसात जाऊन लेखी मागा.