लॅपटॉप तापलाच नव्हता

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकला की कुठलंही यंत्र बंद पडो, खापर उन्हावरच फुटतं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी जॅकार्डची (मागावरच विणल्या जाणाऱ्या नक्षीची) डिझाइनं करतो, लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. दुपारी काम चालू असतानाच तो बंद व्हायचा. दुरुस्तीवाल्यानं पंखा साफ केला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, शेवटी ‘बोर्ड गेला’, म्हणजे मदरबोर्डच बिघडला, म्हणाला.

मला ते पटेना. बोर्ड गेला तर लाइट गेल्यासारखा क्षणात अंधार व्हायला हवा. हा मात्र एकेक खिडकी मिटत, नीट आवरून बंद व्हायचा. म्हणजे बंद व्हायचा हुकूम कुणीतरी देत होतं. आणि तळाला हात लावला तर नुसता कोमट.

लॅपटॉप मागच्या वेळी चालू असतानाची नोंद जर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदवहीत, उघडली. शेवटी एसीपीआयटीझेड या तापमान-नोंदीच्या नावानं ‘क्रिटिकल टेम्परेचर रीच्ड, शटिंग डाऊन’, म्हणजे तापमान धोक्याच्या मर्यादेला पोचलं, बंद करतोय. हा आकडा फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच भरलेला प्रोग्राम, देतं. प्रोसेसरमधला सेन्सर वेगळा, तो लिनक्समधला कोअरटेम्प हा ड्रायव्हर वाचतो. दोन्ही आकडे दर दोन सेकंदांनी फाइलीत लिहायला लावले. फाइलीत एसीपीआयटीझेड ६१०००, ६१०००, आणि शेवटच्या ओळीत १२७०००. हे अंशाचे हजारावे भाग, म्हणजे ६१ वरून थेट १२७. त्याच ओळीत प्रोसेसर ६४ वर! दोन सेकंदांत ६६ अंश चढणं शक्यच नाही. फर्मवेअर खोटं सांगत होतं आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यावर विश्वास ठेवत होता.

नवं बायोस, म्हणजे त्या फर्मवेअरची सुधारित आवृत्ती, मिळालं नाही. मग ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामात) कर्नलच्या ओळीला ‘थर्मल.नोसीआरटी=१’ जोडलं. एसीपीआयच्या, म्हणजे फर्मवेअरकडून आलेल्या, तापमानाच्या क्रिटिकल आणि हॉट मर्यादांवरची कारवाई त्यानं थांबते. गिगाबाइटच्या जीए-७झेडएक्स या जुन्या बोर्डासाठी तर कर्नलमध्येच हा उपाय लिहून ठेवलेला आहे, बोर्डाचं नाव ओळखून तो आपोआप लागू होतो.

पण दुसऱ्या सेन्सरशी ताडून पाहिल्याशिवाय हे कुणी करू नका, कळकळीनं सांगतो. खरंच तापत असेल तर हीच कारवाई मशीन वाचवते. प्रोसेसरचं स्वतःचं संरक्षण, आधी वेग कमी करणं आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर वीज तोडणं, हे हार्डवेअरमध्येच असतं, ते या सेटिंगनं जात नाही. तरी मी थर्मल-डी हा तापमानावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम चालू ठेवला आणि पुढचे आठ दिवस रोज फाइल तपासली.

त्यात १२७ पुन्हा दोनदा दिसलं. लॅपटॉप चालूच राहिला, आणि टॉवेलच्या किनारीचं अडकलेलं डिझाइन कारखान्यात पोचलं.